उशीर बोटांचा की यंत्राचा? दूरच्या मित्रांसोबत गिटार वाजवताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सात महिन्यांपासून तुम्ही घरीच, व्हिडिओ बघून अकूस्टिक गिटार शिकताय. ऑनलाइन ओळख झालेल्या दोघांशी मैत्री जमली आहे. त्यातला एक मित्र बास वाजवतो आणि एक मैत्रीण गाते. व्हिडिओ कॉलवर तिघांनी एकत्र वाजवून पाहिलं, तर दोन ओळींतच सगळं विस्कटलं. मग मित्राने पाठवलेला बासचा ट्रॅक ब्लूटूथ इअरफोनवर ऐकत तुम्ही फोनवरच्या अॅपमध्ये गिटार रेकॉर्ड केली आणि पाठवली. उत्तर आलं, "छान आहे, पण लयीत बसत नाहीये." आता तुम्ही विचारताय की वर्षभर थांबावं, नीट तयार व्हावं आणि मगच त्यांच्यासोबत वाजवावं का? आणि तोवर नवीन गिटार किंवा ऑडिओ इंटरफेस (गिटार किंवा माईक फोन-संगणकाला जोडणारी पेटी) घ्यावा का?

थांबू नका. मी सोळा वर्षं गिटार शिकवते आहे आणि त्यातली निम्मी वर्षं घरी बसून दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी गिटारचे ट्रॅक रेकॉर्ड करून पाठवते आहे. त्यातल्या कित्येकांना मी कधी समोरासमोर भेटलेले नाही. "तयार झाल्यावर वाजवू" म्हणणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले, आणि बहुतेकांची ती तयारी कधी पुरी झाली नाही. कारण दुसऱ्यासोबत वाजवताना नेमकं काय लागतं, हे एकट्याने वाजवून कळतच नाही.

पण तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे उशीर एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी सुटे करायला हवेत. एक उशीर इंटरनेटचा, दुसरा यंत्राचा, तिसरा बोटांचा. तुम्ही तिन्हींचं खापर स्वतःच्या वाजवण्यावर फोडून मोकळे झालात. प्रत्येकाचा इलाज निराळा आहे, आणि त्यातल्या दोहोंसाठी तर गिटारचा सरावच लागत नाही.

पहिला व्हिडिओ कॉलचा. तिथे झालेला गोंधळ डोक्यातून काढून टाका, तिथे पट्टीचे वादकही विस्कटतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत साडेतीन मीटरच्या आत. एका खोलीत तीन मीटरवर बसलेला साथीदार तुम्हाला तेवढ्या उशिराने ऐकू येतो आणि त्याचं काही वाटत नाही. हा उशीर एका बाजूने २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की लय ओढल्यासारखी होऊ लागते. व्हिडिओ कॉलवर तो दीडशेच्या घरात सहज जातो. म्हणजे तुम्ही तिघं एकमेकांपासून पन्नास मीटरवर उभं राहून वाजवत होता. तुम्ही मित्राच्या ठोक्याची वाट बघता, तो तुमच्या ठोक्याची, आणि दोघं एकमेकांची वाट बघत गाणं मंदावत जातं. शिवाय असे कॉल बोलण्यासाठी बनवलेले असतात. त्यांच्यातली गोंगाट कमी करणारी यंत्रणा गिटारच्या लांबत जाणाऱ्या स्वराला पंख्याच्या घरघरीसारखा आवाज समजते आणि दाबून टाकते.

थेट एकत्र वाजवायची हौस असेल तर त्यासाठीच केलेली सॉफ्टवेअर आहेत: जॅमुलस, जॅकट्रिप, सोनोबस. पण ती चालतील की नाही हे तुम्ही तिघं एकमेकांपासून किती लांब आहात त्यावर ठरेल, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. १००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद झाले. केबल सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, मध्ये राउटर असतात, दोन्ही टोकांना साउंड कार्ड आपापला वेळ घेतं. इंटरनेट वायरचं असेल आणि अंतर काहीशे किलोमीटर असेल तर जमण्यासारखं आहे. मित्र दुसऱ्या खंडात असेल तर १०,००० किलोमीटरला नुसत्या प्रकाशालाच ५० मिलिसेकंद लागतात. तिथे कोणतंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

निन्जॅम नावाचा एक संगणक-प्रोग्रॅम या अडचणीतून वेगळीच वाट काढतो. उशीर कमी करण्याऐवजी तो मुद्दाम एका आख्ख्या आवर्तनाएवढा वाढवतो. तुम्ही या आवर्तनात जे वाजवता ते मित्राला पुढच्या आवर्तनात, बरोबर समेवर ऐकू येतं. चार कॉर्ड पुन्हा पुन्हा फिरत असतील तर हे सुरेख चालतं. गाण्यात मुखडा, अंतरा असं काही बदलायचं असेल तर मात्र नाही. संध्याकाळी मजेने वाजवायला उत्तम, गाणं पुरं करायला नव्हे.

गाणं पुरं करायचं असेल तर एकामागून एक रेकॉर्ड करणं हाच रस्ता, आणि तो दुय्यम प्रतीचा अजिबात नाही. २०१० मध्ये एरिक व्हिटेकर या संगीतकाराने १२ देशांतल्या १८५ गायकांचा एक समूह असाच उभा केला. प्रत्येकाने आपापल्या घरी, एकट्याने, त्याचा हाताने लय दाखवतानाचा व्हिडिओ बघत गायलं. एकाच वेळी कोणीच कोणाबरोबर गात नव्हतं, पण सगळे एकाच हाताकडे बघत होते. द पोस्टल सर्व्हिस या अमेरिकन जोडीने तर आपल्या संगीताच्या टेप टपालाने इकडून तिकडे पाठवत काम केलं, आणि तिथूनच ते नाव घेतलं. तुम्हाला तुमच्या तिघांसाठी तसा एक हात ठरवायचा आहे. तो म्हणजे क्लिक, मेट्रोनोमचा ठरलेल्या लयीतला टिक-टिक आवाज.

आता दुसरा उशीर, कारण मला दाट शंका आहे की तुमच्या मित्राला जे खटकलं त्यातलं निदान निम्मं इथलंच आहे. ब्लूटूथ इअरफोन आवाज कानापर्यंत पोचवायला, बनावटीनुसार, शंभर ते तीनशे मिलिसेकंद घेऊ शकतात. व्हिडिओ बघताना हे कळत नाही, कारण फोन चित्रही तेवढंच मागे ठेवतो. रेकॉर्ड करताना मात्र बास तुम्हाला उशिरा ऐकू येतो, तुम्ही त्या उशिरा आलेल्या बासबरोबर अगदी नेमकं वाजवता, आणि अॅप ते मूळ बासच्या शेजारी जसंच्या तसं ठेवतं. ९० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा असताना, एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची असते. १६७ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे मात्रेचा पाव भाग. ऐकणाऱ्याला वाटणार की हा मुलगा सतत मागे आहे.

मग उशीर कोणाचा हे ओळखायचं कसं? माझ्याकडे ट्रॅक आला की मी एकच गोष्ट करते. तो क्लिकच्या किंवा बासच्या शेजारी ठेवते, वेव्हफॉर्म (पडद्यावर दिसणारा आवाजाचा आलेख) मोठा करते आणि दहा ठिकाणी मोजते: ठोका कुठे आहे आणि गिटारचा आघात कुठे उमटला आहे. दहाच आकडे, कागदावर. ते आकडेच सगळं बोलतात. सगळे जवळपास सारखे असतील, म्हणजे १८०, १७५, १८५ असे, तर उशीर यंत्राचा आहे. माणूस इतक्या सातत्याने चुकू शकत नाही. एकच कॉर्ड चालू असताना आकडे ठीक आणि कॉर्ड बदलताना मोठे असतील तर उशीर बोटांचा. आकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हळूहळू वाढत गेले तर क्लिककडे लक्ष राहिलेलं नाही, किंवा दोघांच्या फायलींचा सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजून नोंदवला तो आकडा) वेगळा आहे. आणि आकडे कुठे पुढे, कुठे मागे, काहीच मेळ नाही, असं असेल तर वाजवताना आपण क्लिक ऐकतच नाही आहोत, आपलंच वाजवणं ऐकतो आहोत. नवशिक्यांमध्ये मला सर्वांत जास्त दिसणारं चित्र मिश्र असतं. सोप्या जागी घाईने पुढे आणि कॉर्ड बदलताना मागे, आणि या सगळ्यावर यंत्राचा एक कायमचा उशीर.

तुम्ही हे आजच करून बघा. यंत्राचा वाटा वेगळा काढायला गिटार हातात घ्यायचीही गरज नाही. ज्या फोनवर आणि ज्या इअरफोनने रेकॉर्ड करता तेच घ्या, अॅपमध्ये क्लिक लावा, इअरफोन फोनच्या माईकला टेकवा आणि रेकॉर्ड करा. मग मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेला क्लिक यांच्यातलं अंतर बघा. जे दिसेल तो तुमच्या यंत्राचा उशीर, त्यात तुमचा काही दोष नाही. वायरचे इअरफोन लावून पुन्हा करा, फरक डोळ्यांनी दिसेल. जो उशीर उरेल तेवढा ट्रॅक प्रत्येक वेळी सुरुवातीच्या दिशेने सरकवायचा. बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा एकदा भरून ठेवायची सोय असते.

माझा एक विद्यार्थी याच कारणाने गिटार सोडायला निघाला होता. तीन महिने त्याला त्याचे ऑनलाइन मित्र "मागे पडतोस" म्हणत होते आणि तो रोज दोन तास मेट्रोनोमवर घासत होता. आम्ही हे आकडे काढले तर सगळे २१० च्या आसपास. ब्लूटूथ काढल्यावर तो लयीत होता, पहिल्यापासूनच होता. ते तीन महिने त्याला उगाच जड गेले याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणूनच कोणी "मी लयीत नाही" असं लिहिलं की मी आधी इअरफोन कोणता ते विचारते.

आता बोटांचा उशीर. सात महिन्यांत तो असणारच, आणि असला तरी चालतं.

कॉर्ड बदलताना उशीर होतो तो बोटं हळू असतात म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. माझ्या अनुभवात बोटं पुरेशी जलद असतात, निघतात मात्र उशिरा. आवर्तनाची चौथी मात्रा पूर्ण वाजवून होईपर्यंत तुम्ही जुनी कॉर्ड धरून ठेवता आणि मग पुढच्या समेच्या आत उडी मारायला बघता. तिथे वेळच शिल्लक नसतो. चौथ्या मात्रेचा उत्तरार्ध सोडून द्या. त्या अर्ध्या मात्रेत बोटं उचला आणि उजवा हात मोकळ्या तारांवरून जाऊ द्या. ऐकायला विचित्र लागेल असं वाटतं, पण लागत नाही. नीट कान देऊन ऐका, अनुभवी वादकही जलद गाण्यांत हेच करतात. कानाला सम हवी असते, समेच्या आधीची अर्धी मात्रा तो सहज माफ करतो.

दुसरं, उजवा हात कधीही थांबता कामा नये. तो लंबकासारखा, मात्रेवर खाली आणि मधल्या जागेवर वर, फिरतच राहिला पाहिजे, तारांना लागो वा न लागो. कॉर्ड बसली नाही तरी हात खाली आलाच पाहिजे. घरी एकटं शिकताना आपण नकळत उलटं करतो. कॉर्ड नीट बसेपर्यंत हात थांबवतो, मग वाजवतो. त्यामुळे प्रत्येक कॉर्ड स्वच्छ ऐकू येते आणि गाणं मात्र लंगडतं. मी नव्या विद्यार्थ्यांना आठवडाभर डावा हात तारांवर नुसता ठेवून, तारा न दाबता, "चक-चक" असं वाजवायला लावते. स्वर नाही, कॉर्ड नाही, फक्त क्लिक आणि हात. कंटाळवाणं आहे, पण दिवसाला पाच मिनिटं पुरतात.

सराव किती झाला म्हणजे पुरे, याचा माझा एक ठोकताळा आहे. ८० च्या लयीत, चार मात्रांना एक कॉर्ड असं गाणं असेल तर मिनिटाला २० वेळा कॉर्ड बदलावी लागते. दोन कॉर्ड घ्या, एक मिनिटाची वेळ लावा, एका कॉर्डवरून दुसरीवर जात राहा आणि स्वच्छ वाजलेले बदल मोजा. गाण्याला लागतात त्याच्या दुप्पट, म्हणजे ४०, झाले की ती जोडी रेकॉर्डिंगला तयार. दुप्पट अशासाठी की लाल दिवा लागल्यावर निम्मं लक्ष त्या दिव्याकडेच जातं. ४० होत नसतील तर सराव वाढवायच्या आधी गाण्याची लय कमी करा किंवा कॉर्ड सोपी करा.

कॉर्ड सोपी करण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तुमच्या गटात बास आहे आणि ही तुमच्यासाठी मोठीच सोय आहे.

एकटा गिटारवादक सहाही तारा वाजवतो, कारण खालचे स्वर दुसरं कोणी देत नसतं. तुमच्याकडे बासवाला मित्र आहे. तुम्ही जाड तारा जोरात वाजवल्या तर त्याच्या स्वरांवर तुमचे स्वर चढतात आणि दोघांचंही धूसर होतं. मग वाजवू नका. फक्त खालच्या तीन बारीक तारा घ्या, म्हणजे तिसरी, दुसरी आणि पहिली. त्या मोकळ्या वाजवल्या की जी, बी आणि ई हे स्वर येतात. ते तीन स्वर म्हणजेच ई मायनर, एकही बोट न लावता. पहिल्या तारेवर तिसरा पडदा (फ्रेट) दाबा की जी मेजर झाली. त्याऐवजी दुसऱ्या तारेवर पहिला पडदा दाबा की सी मेजर. दोन्हींना एकेकच बोट. ए मायनरला सी मेजरच्या बोटात आणखी एक मिळवायचं, तिसऱ्या तारेवर दुसरा पडदा. डी मेजर तुम्हाला येतच असेल, तिची बोटं नेमकी याच तीन तारांवर असतात. एवढ्या पाच कॉर्डवर कितीतरी गाणी उभी राहतात. बास खाली मूळ स्वर देत असल्यामुळे ऐकणाऱ्याला कॉर्ड पूर्णच वाटते, आणि गाणाऱ्या मैत्रिणीच्या आवाजाला मोकळी जागा मिळते.

मी पैसे घेऊन वाजवते तेव्हाही कित्येकदा असंच वाजवते. ही नवशिक्याची पळवाट नव्हे. सहा तारांची भरगच्च गिटार ट्रॅकमध्ये आली की मिक्स करणारा सगळ्यात आधी तिचे खालचे स्वरच कापतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: थेट कॉल सोडा, वायरचे इअरफोन लावा, यंत्राचा उशीर मोजून वजा करा, आणि मग जो उशीर उरतो तो हात न थांबवता, बोटं लवकर उचलून आणि कमी तारा वाजवून आटोक्यात आणा.

आता देवाणघेवाण. हिच्यात चुका फार होतात आणि त्या टाळणं सोपं आहे. पहिल्यांदा एकाने गाईड ट्रॅक करायचा. क्लिक, त्यावर साधी गिटार आणि गुणगुणलेली चाल. तो सुंदर नको, लयीत हवा. सुरुवातीला चार आवर्तनं नुसता क्लिक ठेवा. पहिल्या दोन आवर्तनांत प्रत्येकाने इअरफोन आपल्या माईकला टेकवायचा, म्हणजे क्लिक रेकॉर्डिंगमध्ये उमटतो. पुढच्या दोन आवर्तनांत तो कानात घालून तयार व्हायचं. त्या उमटलेल्या क्लिकवरून तिघांचे ट्रॅक अचूक जुळवता येतात, मग एकाने फोनवर आणि दुसऱ्याने संगणकावर रेकॉर्ड केलेलं असलं तरी हरकत नाही. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, पण तीन मिनिटांच्या गाण्यात तो फरक सहसा काही मिलिसेकंदांचाच असतो.

प्रत्येक फाईल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू झाली पाहिजे, तुमची गिटार दुसऱ्या मिनिटाला येत असली तरी. आधीची शांतता कापून पाठवली की समोरच्याला अंदाजाने जागा शोधत बसावं लागतं. फाईल डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवलेली, पाठवा. एमपी३ करताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटते आणि ट्रॅक सरकतो. चॅट अॅपमध्ये ऑडिओ म्हणून पाठवलं की ते आणखी दाबलं जातं, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून किंवा सामायिक फोल्डरमध्ये टाकून पाठवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ट्रॅक मिनिटाला नऊ एमबीच्याही आत बसतो, हे काही जड नाही. सॅम्पल रेट तिघांचा एकच ठरवा. मला एकदा ४४.१ किलोहर्ट्झची फाईल आली आणि माझ्या जुन्या सॉफ्टवेअरने ती ४८ समजून वाजवली. सगळं जवळजवळ दीड सेमीटोन वर आणि जलद झालं होतं. गायकाने पट्टी बदलली असं समजून मी दोन तास वेगळ्याच सुरात वाजवत बसले.

फाईलच्या नावात गाणं, वाद्य, लय आणि कितवी आवृत्ती हे लिहा. "फायनल" हा शब्द नावात कधीच घालू नका.

सूर लावण्याबद्दल थोडं. तिघांचे ट्यूनर ए ४४० वर (ए हा स्वर ४४० हर्ट्झ) आहेत ना, एकदा बघून घ्या. प्रत्येक टेकच्या आधी सूर तपासा. तार नेहमी खालून वर चढवत आणा, वरून खाली उतरवलेली तार वाजवताना आणखी उतरते. आणि तारा गरजेपेक्षा जोरात दाबू नका. सात महिन्यांच्या टप्प्यावर बहुतेक जण दाबतात, दाबलेली तार सुरात चढते, आणि एकट्याला न जाणवणारा तो चढ बासच्या शेजारी लगेच टोचतो. तार खुरखुरेल इतका दाब कमी करा आणि मग किंचित वाढवा. तेवढाच पुरतो.

कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावत असाल तर मित्रांना कॉर्डचा आकार सांगू नका, प्रत्यक्ष स्वर सांगा. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून तुम्ही जी वाजवता तेव्हा बासवाल्यासाठी ती ए असते. मैत्रीण पेटीवर शिकली असेल तर ती पट्टी काळी-पांढरीच्या भाषेत सांगेल. तिची काळी एक म्हणजे सी शार्प आणि पांढरी चार म्हणजे एफ. एकदा तिघांनी बसून कोण कशाला काय म्हणतं ते लिहून काढा. आणि पट्टी मैत्रिणीच्या गळ्याला सोयीची तीच ठेवा. तुमच्याकडे कॅपो आहे, गळ्याला तो लावता येत नाही.

रेकॉर्डिंगसाठी फोन पुरेसा आहे. तो गिटारच्या बाराव्या पडद्यासमोर, वीत-सव्वा वीत अंतरावर ठेवा. भोकासमोर ठेवलात तर नुसता घुमणारा आवाज येईल. खिडक्यांचे पडदे, गादी, कपडे असलेली खोली रिकाम्या खोलीपेक्षा चांगली. फोन विमान मोडवर टाका. सर्वांत जोरात वाजवाल तेव्हा मीटर लाल रेषेच्या बरंच खाली, −१२ ते −६ डेसिबलच्या दरम्यान राहू दे. आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

म्हणून इंटरफेस आत्ता नको. तो उपयोगी आहे, पण तिघांनी मिळून निदान एक गाणं पुरं केल्यावर. कारण तेव्हा तुम्हाला नक्की कळलेलं असेल की माईक हवा आहे, की नुसता कमी उशिराचा रस्ता. नवीन गिटारचं उत्तर आताच्या गिटारवर अवलंबून आहे. बाराव्या पडद्यापाशी जाड तार आणि पडदा यांच्यातलं अंतर मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर गिटार ठीक आहे, फक्त तारा नव्या टाका. चारच्या घरात असेल तर तुम्ही सात महिने विनाकारण जास्त ताकद लावताय. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून तारांची उंची कमी करून घ्या. माझ्याकडे आलेल्यांपैकी अनेकांची "अवघड" एफ कॉर्ड एवढ्यानेच सुटली आहे.

शेवटी माणसांबद्दल, कारण ऑनलाइन गट तुटतात ते बहुतेक वेळा वाजवण्यावरून नाही. पहिलं गाणं दोन मिनिटांचं ठरवा, चार कॉर्ड, एक तारीख. त्या गाण्याचा शेवटचा शब्द कोणाचा ते आधीच ठरवा आणि पुढच्या गाण्याला तो दुसऱ्याला द्या. मी अशा एका गटात होते जिथे प्रत्येक जण आलेली फाईल "थोडी सुधारून" पुढे पाठवत होता. अकरा आवृत्त्या झाल्या, गाणं कधीच झालं नाही, आणि चांगली मंडळी एकमेकांना उत्तरं द्यायची थांबली. ते मला अजून सलतं. अभिप्राय देताना वेळ सांगून द्या. "लयीत नाही" याने कोणाचंच काही सुधारत नाही. "एक मिनिट बारा सेकंदांना सी वर येताना उशीर होतो" याने लगेच सुधारतं. तुमच्या मित्रालाही असंच सांगायची विनंती करा, तो आनंदाने करेल. आणि गाणं कुठे टाकायचं झालं तर त्याआधी चाल कोणाची, शब्द कोणाचे, वाजवलं कोणी हे एका संदेशात लिहून तिघांनी "हो" म्हणा. चाल-शब्दांचे हक्क आणि रेकॉर्डिंगचे हक्क या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मैत्रीत हे आधी बोललेलं बरं असतं. दुसऱ्याचं गाणं वाजवलंत तर तिघांत ठेवायला काही अडचण नाही. प्रसिद्ध करायचं असेल तर परवानगीचा प्रश्न येतो.

आता एवढं करा. वायरचे इअरफोन लावा, क्लिक ८० वर ठेवा, त्या तीन तारांवर ई मायनर, सी, जी आणि डी असं सोळा आवर्तनं वाजवा, आणि मघाशी सांगितलेले दहा आकडे काढून इथे लिहा. कॉर्ड बदलतानाचे पाच आणि मधले पाच, वेगवेगळे. इअरफोन माईकला टेकवून आलेला आकडाही लिहा. तुम्ही तिघं साधारण किती अंतरावर आहात तेही सांगा. मग तुमच्या बोटांबद्दल मला अंदाजाने नाही, बघून बोलता येईल.